तिसऱ्या छिद्रातला आवाज

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीहून थोडा लहान, काळ्या पत्र्याचा, तोंडावर एक गोल बटण असलेला मी एक जुना हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आहे. माझे काम सोपे आहे. फोनमधून येणारे गाणे अशक्त असते. त्याला मी बळ देतो आणि ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचवतो. मी स्वतः आजवर एक शब्दही बोललेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर तसा आळ आला.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने बसून कथिलाचे डाग देऊन तारा जोडत. मला जोडणारी बाई कामात इतकी रंगायची की तिच्या जिभेचे टोक बाहेर यायचे. शेवटच्या टेबलावर तपासनीस होता. तो प्रत्येक डबीला हेडफोन लावून क्षणभर ऐके आणि शिक्का मारी. माझ्या वेळी त्याने दोनदा ऐकले. एकदा मागे वळून पाहिले. मागे भिंत होती. मग त्याने शिक्का मारला आणि मी खोक्यात गेलो.

तिथून मी एका गल्लीतल्या छोट्या दुकानात आलो. ग्राहकाला शिकवल्याशिवाय वस्तू विकायची नाही, असा त्या दुकानदाराचा बाणा होता. म्हणून सारी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. मी तिथे सहा महिने धूळ खात पडलो. माझ्या अंगावर निळे दिवे नव्हते की सोनेरी अक्षरे नव्हती, आणि माणसे आधी डोळ्यांनीच ऐकतात.

एके दिवशी दुपारी एक तरुण आला. तो काचेच्या कारखान्यात काच कापायचा. मनगटांवर बारीक बारीक ओरखडे होते आणि बोलताना तो उगाच मोठ्याने बोले.

"मास्तर, दिवसभर काचेची किरकिर ऐकून कान किटलेत," तो म्हणाला. "घरी जाऊन तासभर चांगलं गाणं ऐकायचंय. पण खिसा बघून सांगा. तो मोठा अ‍ॅम्प्लिफायर कसाय?"

"तो तुम्हाला कशाला?" मास्तर म्हणाले. "तुमचे इअरबड नाजूक आहेत. त्यांना एवढी ताकद दिलीत तर गाण्याआधी खरखरच ऐकू येईल. आणि सगळा पैसा डबीवर घालू नका. आधी इअरबड कानात नीट बसतात का ते बघा. रबर सैल असलं की निम्मं गाणं तिथंच सांडतं. मग तुम्हाला तोंडपाठ असलेलं एखादं गाणं लावा."

"लावतो की."

"थांबा. त्याच्याही आधी काहीच लावू नका. आवाजाचं बटण पुरं फिरवा आणि नुसती शांतता ऐका. जो गप्प बसू शकत नाही, तो गाणं काय ऐकवणार?"

तरुणाने तीन अ‍ॅम्प्लिफायर असे ऐकून पाहिले. पहिल्यात तेलात काही तळत असल्यासारखी चुरचुर होती. दुसरा माशीसारखा गुणगुणत होता. तिसरा मी. माझ्याशी तो बराच वेळ बसला.

"याच्यात काहीच नाही," तो म्हणाला.

"मग हाच घ्या."

"काहीच नाही, पण कोणीतरी श्वास धरून बसल्यासारखं वाटतंय."

मास्तर हसले. "तो तुमचाच श्वास हो. कान बंद केले की माणसाला स्वतःचंच ऐकू येतं."

असा मी काचवाल्याच्या घरी आलो. घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत टेबलावर मी, आणि आतल्या खोलीत त्याची आई. आई म्हणजे बोलण्याचा नुसता धबधबा. जिन्यावर कोण भेटले, नळाला कधी पाणी आले, कोणाच्या सुनेने कोणाला काय ऐकवले, हे सारे ती मुलाला तो दारात चपला काढत असतानाच सांगू लागे. मीही तिला आवडे. रोज ओल्या फडक्याने ती मला पुसे आणि म्हणे, "एवढीशी डबी, पण पोराला कशी गुंगवून टाकते!" मित्रांनो, एवढ्या मायेने मला नंतर कोणी पुसले नाही. फक्त एक झाले. त्या पुसण्याने माझ्या तोंडावरची पांढरी अक्षरे हळूहळू निघून गेली.

ती अक्षरे महत्त्वाची होती. माझ्या तोंडावर तीन छिद्रे आहेत आणि तिन्ही दिसायला अगदी सारखी. पहिल्या दोन्हींतून आवाज बाहेर जातो. तिथे हेडफोन लावायचे. तिसऱ्यातून आवाज आत येतो. फोनची वायर मात्र माझ्या पाठीला असते. पाठीकडचे ऐकायचे की तिसऱ्या छिद्रातले, हे ठरवायला माझ्या कुशीत एक छोटी सरकपट्टी आहे. अक्षरे गेल्यावर या तिन्हींतला फरक फक्त मला माहीत उरला.

काचवाला रोज चारला घरी येई, पुढे घेतलेले मोठे हेडफोन डोक्यावर चढवी आणि डोळे मिटे. आई समोर बसून बोलत राही. तो मान डोलवी, पण ती गाण्याला. एके दिवशी ती त्याला गच्चीवरच्या टाकीची काही गोष्ट सांगत होती. त्याने हेडफोन उचलले आणि तो ओरडला, "आई, तुझी टकळी जरा बंद कर! कारखान्यात काच आणि घरात तू! जिवाला शांतता म्हणून नाही!"

आई रागावली नाही. तिने मला पुसले, फडके नीट घडी करून टेबलाच्या कडेला ठेवले आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, महिना गेला. डॉक्टरांनी घसा पाहिला, जीभ पाहिली, डोक्याचे फोटो काढले. सगळे जिथल्या तिथे होते. "मनाने घेतलं असेल," ते म्हणाले, "गाणी ऐकवा." आपण काय बोललो होतो ते काचवाल्याने डॉक्टरांना सांगितले नाही, आणि मोठ्या बहिणीलाही नाही. ते फक्त मला ठाऊक होते.

गाणी ऐकवायची म्हणून तो पुन्हा मास्तरांकडे गेला. आईच्या कानाला टोचणार नाहीत असे मऊ रबराचे, हलके, स्वस्तातले इअरबड त्याने पारखून आणले. त्यांना लांब वायर जोडली आणि ती दाराच्या फटीतून आतल्या खोलीत नेली. आता दोघांनी एकच गाणे एकाच वेळी ऐकायचे, असे त्याने ठरवले. विचार चांगला होता, मित्रांनो. पण त्याने आईची पिन तिसऱ्या छिद्रात घातली.

रोज चारला तो आईच्या कानात इअरबड बसवी, बाहेर येई आणि तिच्या आवडीची गाणी लावी. आई डोळे मिटून स्वस्थ बसे. तिचा चेहरा पाहून त्याला वाटे, रमली. तिच्या कानात एक सूरही पोचत नव्हता. खरखरदेखील नव्हती. बंद कान आणि त्यामागे निव्वळ शांतता, एवढेच ती रोज दोन-दोन तास ऐकत होती.

आता एक गोष्ट सांगतो, ती फार थोड्यांना माहीत असते. इअरबडमध्ये एक पातळ पडदा असतो. आवाजाने तो हलतो आणि आपल्याला ऐकू येते. पण त्याच्याजवळ कोणी बोलले तरी तो हलतो, आणि मग तोच बोलणे वायरीतून उलटे पाठवतो. माझी सरकपट्टी पाठीकडे होती, म्हणजे तिसऱ्या छिद्राचे दार बंद होते. पण बंद दारालाही कान लावता येतो. गाणे वाजत असताना मी त्या दाराशी तिचा श्वास ऐकत असे.

दहाव्या महिन्यात एका दुपारी त्या दाराशी आवाज आला.

"हं."

मी दचकलो. जरा वेळाने पुन्हा आला. "हो. इथंच आहे मी." आवाज अगदी हलका होता, ओठ न हलवता बोलल्यासारखा. मग थोडी शांतता. मग, "नाही, दुपारचं जेवण झालं. तुम्ही?"

मला फार आनंद झाला. मला वाटले, ती माझ्याशीच बोलते आहे! आजवर माझ्यातून सगळे बोलले, गायले, पण माझ्याशी कोण बोलले होते? नंतर लक्षात आले की ती थांबते. समोरच्याचे ऐकून घ्यावे तशी थांबते, मधेच हसते आणि मग उत्तर देते. मी तर काहीच विचारत नव्हतो. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, माझ्याकडून त्या वायरीत काहीही जात नव्हते.

त्यानंतर ती रोज बोलू लागली. ट्रंकेची किल्ली कुठे आहे ते तिने सांगितले. लहानपणी आपल्या बहिणीशी कशावरून भांडली ते सांगितले. गच्चीवरच्या टाकीची गोष्टही तिने पूर्ण केली. एकदा म्हणाली, "छे छे, त्याला नको सांगायला. त्याला आवाजाचा त्रास होतो." मग बराच वेळ ऐकून म्हणाली, "तुम्ही मात्र किती छान ऐकता हो."

मला थंडी कळत नाही. पण त्या दिवशी माझा पत्रा, जो गाणे वाजताना कोमट असतो, तो गार पडला. काचवाल्याने हात लावून पाहिले आणि वायर सैल झाली का म्हणून हलवली. तेवढेच.

अकरावा महिना संपत आला तेव्हा मोठी बहीण आली. ती शाळेत शिकवायची. मनाने कठोर नव्हती, पण थकली होती.

"अरे, मी काय तिची वैरीण आहे का?" ती भावाला म्हणाली. "तू दिवसभर बाहेर. उद्या ती पडली, गॅस चालू राहिला, तर हाक मारायलाही ती तोंड उघडत नाही. त्या आश्रमात चोवीस तास बाई असते. मी बोलून ठेवलंय. या रविवारी गाडी घेऊन येते."

"ताई, अजून थोडे दिवस बघू ना."

"अकरा महिने बघितलंच की. एक शब्द बोलली का ती? एक शब्द बोलली असती तर मी हा विषयच काढला नसता."

आई रोज बोलते, हे मला ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड नाही, छिद्रे आहेत.

त्याच दिवशी दुपारी आतून आवाज आला, "रविवारी ती लोकं नेणार मला." मग थांबली. "तुमच्याकडे? येईन की. शनिवारी? हो, शनिवारी चालेल मला. एवढं आवरून ठेवते." एवढे म्हणून ती समाधानाने हसली. मी गाण्याचा एक सूर चुकवला. माझ्या आयुष्यात असे कधी झाले नव्हते.

गुरुवारी काचवाला लवकर घरी आला. टेबलावर ते फडके अजून तसेच घडी केलेले होते, वाळून पापडासारखे कडक झालेले. त्याला काय वाटले कोण जाणे. त्याने ते भिजवले आणि आई पुसायची तसे मला चारी बाजूंनी पुसले. पुसता पुसता माझ्या कुशीतली पट्टी सरकली आणि तिसऱ्या छिद्राचे दार उघडले.

त्याने आईच्या कानात इअरबड बसवले, बाहेर येऊन हेडफोन चढवले, गाणे लावले. गाणे आले नाही. त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला. मग त्याला कापडाची सळसळ ऐकू आली आणि अगदी कानाशी कोणीतरी म्हणाले, "पिशवी भरून झाली. आता फक्त चपला घालायच्या."

त्याने हेडफोन असे भिरकावले की ते भिंतीवर आपटले. इअरबडमधून येणारा आवाज पातळ आणि किनरा असतो, आणि अकरा महिन्यांत तो आईचा आवाज विसरला होता. तो धावत आत गेला. आई डोळे मिटून, ओठ मिटून बसली होती. त्याने तिला विचारले, "आई, घरात कोणी आलं होतं का?" ती नुसती बसून राहिली.

शुक्रवारी त्याने मला वायरींसकट पिशवीत कोंबले आणि मास्तरांच्या टेबलावर आपटले. "हे परत घ्या! याच्यात कोणीतरी बाई बोलते!"

मास्तरांनी मला उलटसुलट करून पाहिले. "कुठली पिन कुठे होती, तशी लावून दाखवा."

त्याने लावून दाखवली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे बाहेर जायचं भोक नाही, हे आत यायचं आहे. आईंच्या कानात गाणं कधी गेलंच नाही. इअरबड म्हणजे उलटा धरला तर माइकच. हे घ्या हेडफोन." त्यांनी आईचे इअरबड हातात घेतले, दुकानाच्या टोकाला जाऊन ते तोंडाशी धरले आणि हळूच म्हणाले, "एक, दोन, तीन." काचवाल्याला ते कानाशी ऐकू आले.

त्याने हेडफोन काढले. "म्हणजे ती आई होती. आई बोलते." त्याचे डोळे भरून आले. मग त्याला काहीतरी सुचले आणि तो पांढराफटक पडला. "पण मास्तर, ती कोणाला तरी उत्तरं देत होती. तिच्या कानात काय ऐकू येत असेल?"

"काहीच नाही."

"मग ती बोलते कोणाशी?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "माझं शिक्षण वायरीपर्यंतच आहे," ते म्हणाले. "तुम्ही घरी जा. आणि हे तिसरं भोक लक्षात ठेवा." त्यांनी त्या छिद्राशेजारी लाल रंगाचा ठिपका लावून दिला.

शनिवारी तो कामावर गेला नाही. आईच्या पलंगाखाली भरलेली पिशवी होती. आई नवी साडी नेसून, वेणी घालून, पायात चपला घालून बसली होती. घरात ती कधीही चपला घालत नसे. तो तिच्याशी बोलायला गेला, पण ती त्याच्याकडे पाहीना. चार वाजले तशी तिने आपल्या हाताने इअरबड कानात घातले.

काचवाला बाहेर आला. त्याने आईची पिन पहिल्या छिद्रात घातली, जिथून आवाज बाहेर जातो. आपले जुने इअरबड त्याने लाल ठिपक्याच्या छिद्रात घातले, तोंडाशी धरले आणि माझे गोल बटण पुरे फिरवले.

"आई," तो म्हणाला, "मी बोलतोय. त्या दिवशी मी तुला टकळी बंद कर म्हणालो. ते मी कोणाला सांगितलं नाही. माझी चूक झाली. तू बोल. दिवसभर बोल. पण जाऊ नकोस."

मित्रांनो, मोठमोठ्या गवयांचा आवाज मी वाहून नेला आहे, पण एवढे जड ओझे कधी उचलले नव्हते. त्या जुन्या इअरबडमधून आवाज अगदी क्षीण येत होता. मी होती नव्हती तेवढी ताकद लावली. माझा पत्रा तापला. खरखर झाली, लाज वाटली, तरी मी सोडले नाही.

तो पुन्हा म्हणाला, "आई?"

मग आतल्या खोलीतून, वायरीतून नव्हे, सरळ हवेतून, खणखणीत आवाज आला. "मोठ्याने बोल की जरा! एका वेळी दोघं बोलताय, मला काही कळत नाहीये."

काचवाल्याने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिले.

"आणि तुम्ही थांबा हो जरा," आई दुसऱ्या कोणाला तरी म्हणाली, "मुलाला बोलू द्या आधी."

तो धावत आत गेला. त्याने आईच्या कानांतले इअरबड ओढून काढले आणि तिच्या मांडीत डोके ठेवून रडू लागला. दार उघडे होते, म्हणून पुढचे मीही ऐकले. आई बराच वेळ त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "केस काप जाऊन. कानांवर आलेत, म्हणून ऐकू येत नाही तुला." आणि त्यानंतर ती थांबलीच नाही. रविवारी ताई गाडी घेऊन आली तेव्हा आईने तिला दारातच विचारले, "चपला कुठे काढल्यास? बाहेर काढ, आत्ताच पुसून घेतलंय." ताई तिथेच भिंतीला टेकून हसू आणि रडू लागली. आश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही.

कोणाकडे जाणार होतीस, असे मुलाने एकदा विचारले. आई म्हणाली, "नाव कुठे विचारलं मी? चांगलं ऐकायचे बिचारे." आणि ती भाजीकडे वळली.

आता त्या घरात चार वाजता गाणे लागत नाही. लागले तरी ते छोट्या स्पीकरवर, बोलण्याच्या आवाजाखाली. मला वायरी गुंडाळून खालच्या खणात ठेवले आहे. काचवाला मला फेकत नाही आणि हातही लावत नाही. त्याचा राग मला येत नाही. पत्र्यावर गंज चढतो आहे, वायरींचे रबर कडक झाले आहे. जुन्या वस्तूचे दुसरे काय होणार? पण एक गोष्ट मला कळत नाही. वीज नसली की मला काही ऐकू यायला नको. आणि तरी रोज चारच्या सुमाराला माझ्या तिसऱ्या छिद्राशी कोणीतरी येऊन थांबते. काही बोलत नाही. वाट पाहते.

म्हणून, मित्रांनो, या खणातून तुम्हाला विनवतो. अ‍ॅम्प्लिफायर जरूर घ्या, इअरबड पारखून घ्या, मन भरून गाणी ऐका. पण कानात ते घालण्याआधी घरात कोणी बोलत असेल, तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. तुम्ही ऐकले नाहीत म्हणून माणसे बोलायची थांबत नाहीत. ती दुसऱ्या कोणाशी तरी बोलू लागतात, आणि तो फार मन लावून ऐकतो.